सामन्याआधीचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 चिटणीसबाई आमंत्रण घेऊन घरी आल्या, तेव्हा त्यांना वाटले होते की मी बाळंतिणीची काळजी किंवा लहान मुलांचा आहार अशा एखाद्या विषयावर बोलेन. छत्तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केलेल्या बाईकडून तशी अपेक्षा करणे साहजिकच आहे. पण मी त्यांना म्हटले, "मला खेळाडूंच्या दुखण्यावर बोलू द्या." त्या जरा चकित झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे हात मोडणे, पाय मुरगळणे, हेच ना?" मी म्हटले, "नाही हो. जंतूंमुळे येणारे दुखणे. ऐन सामन्याच्या तोंडावर धडधाकट खेळाडूला अंथरुणाला खिळवणारे."

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगते. आज आपल्या घराघरांतल्या मुली कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन, कुस्ती खेळतात. आपल्या लहानपणी परकराचा काचा मारून अंगणात लंगडी खेळण्यापलीकडे आपली मजल गेली नाही. मुली मैदानावर उतरल्या, ही मोठी आनंदाची गोष्ट झाली. त्यांच्यासाठी आपण दूध, बदाम, खजूर यांची तजवीज करतो, बूट आणतो, पहाटे उठून डबा करतो. पण मुलीच्या गुडघ्यावर खरचटले, तर "होईल बरे, खेळ म्हटला की असे चालायचेच," असे म्हणून मोकळ्या होतो. मीही तसेच म्हटले होते. म्हणून आधी माझ्या घरची गोष्ट सांगते आणि मग बाहेरच्या जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंकडे वळते.

गोष्ट 1999 सालची. माझी धाकटी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. कबड्डीचे तिला विलक्षण वेड. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड एका रविवारी व्हायची होती आणि तिची निवड होणार, असे सगळेच म्हणत होते. त्याच्या आधीच्या सोमवारी सरावात ती पडली आणि डाव्या गुडघ्याखाली रुपयाएवढे खरचटले. रक्त असे फारसे आलेच नाही. मैदानावर पाण्याची एक बादली असे आणि सगळ्या मुलींत मिळून दोन टॉवेल. त्यांतल्याच एकाने तिने जखम पुसली. गुडघ्याचे पट्टेही मुली एकमेकींचे घालीत. घरी आल्यावर मी हळद-तेल लावले आणि स्वयंपाकाला लागले.

बुधवारी ती जरा लंगडताना दिसली. विचारले, तर म्हणाली, "काही नाही गं आई, जरा ठसठसतंय." गुरुवारी मी बघितले. जखमेभोवती लाली पसरली होती, हात लावला तर गरम लागत होते. भगिनींनो, दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर मी त्याच क्षणी तिला दवाखान्यात नेले असते. शल्यक्रियेच्या वॉर्डात मी किती वर्षे काढली होती! पण मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली तर? रविवारपर्यंत थांब ना." आणि मी थांबले. घरात कुणाच्या तरी दुखण्यातून उरलेल्या चार गोळ्या होत्या. त्यांतल्या दोन तिला दिल्या, पोटीस बांधले आणि मनाची समजूत घातली.

शनिवारी पहाटे तिला हुडहुडी भरून ताप आला. एकशे तीन. जांघेत अवधाण आले होते आणि गुडघ्याखालचा भाग दगडासारखा टणक झाला होता. दुपारी तिला भूल देऊन ते गळू फाडावे लागले. वाटीभर पू निघाला. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "सिस्टर, आणखी दोन दिवस गेले असते, तर हे सांध्यात शिरले असते." ते रागावले नाहीत. रागावले असते, तर बरे वाटले असते.

ती अकरा दिवस रुग्णालयात होती. निवड झाली, संघ गेला, खेळून परतही आला. एके दिवशी मी तिची वेणी घालीत होते, तेव्हा तिने मला शांतपणे विचारले, "आई, तुला तर कळत होतं ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते, आजही नाही. मात्र त्या दिवसापासून खेळाडू आणि जंतू या विषयावर जे हाती पडेल ते मी वाचीत आले. त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे आज आपल्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न असा पडतो की, खेळाडूचे शरीर तर कमावलेले असते, त्याला असे दुखणे व्हावेच का? आपली कातडी ही घराची भिंत समजा. भिंत धड असेल, तर चोर बाहेरच राहतो. भिंतीला भोक पडले, की आतल्या माणसाच्या ताकदीवर विसंबून चालत नाही. खेळाडूची ही भिंत रोज कुठे ना कुठे फुटत असते. त्यात घाम, एकमेकांच्या अंगाशी अंग घासणे, सगळ्यांचे मिळून एक न्हाणीघर. गळवे, केसतुडे, पिकलेल्या जखमा यांना पुष्कळदा कारण होणाऱ्या जंतूचे नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा काही परका नव्हे. दर तीन निरोगी माणसांमागे साधारण एकाच्या नाकात तो मुकाट्याने राहत असतो. नाकाला लागलेले बोट जखमेला लागले, की त्याचे काम झाले. आपण म्हणतो, दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. हे दुखणे येतेसुद्धा मुंगीच्याच पावलाने. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा एक फुटबॉल खेळतात, अंगाला अंग भिडवून, जवळजवळ कुस्तीच. त्यातला सेंट लुइस रॅम्स हा त्या काळचा नावाजलेला व्यावसायिक संघ. 2003 सालच्या हंगामात या संघातल्या 58 खेळाडूंपैकी 5 जणांना मिळून 8 वेळा असा संसर्ग झाला. जंतू साध्या औषधांना न जुमानणारा होता. मोठमोठी गळवे झाली आणि ती फाडावी लागली. तेव्हा सरकारी आरोग्य खात्याचे तज्ज्ञ तपासाला गेले. त्यांचा अहवाल 2005 साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या तज्ज्ञांना काय आढळले असेल? आठही वेळा दुखणे सुरू झाले ते खरचटलेल्या जागी. कृत्रिम गवताच्या मैदानावर पडले, की कातडी सोलवटून निघते. असे आठवड्यातून दोन-तीनदा होते, असे खेळाडूंनीच सांगितले. मैदानावर एकेक टॉवेल तीन-तीन खेळाडू वापरीत. अंग न धुताच सगळ्यांच्या पाण्याच्या टाकीत उतरत. व्यायामाची साधने नेमाने पुसली जात नव्हती. जखमा बांधणाऱ्या माणसांना हात धुण्याची सोय जवळ नव्हती. तो अहवाल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मैदानावरची बादली आणि ते दोन टॉवेल उभे राहिले. लाखो डॉलर मिळवणारे ते खेळाडू आणि आमच्या अनवाणी खेळणाऱ्या मुली, टॉवेलच्या बाबतीत दोघांची तऱ्हा एकच!

त्या अहवालातली आणखी एक गोष्ट आपण गृहिणींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या संघातल्या खेळाडूंना जंतुनाशक औषधे, ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो, ती त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या मानाने दहापटीहून अधिक वेळा दिली गेली होती. आता हे पाहा. मेथिसिलीन नावाचे औषध 1959-60 च्या सुमारास वापरात आले, कारण जुन्या पेनिसिलीनला हा जंतू दाद देईनासा झाला होता. 1961 सालीच ब्रिटनमध्ये मेथिसिलीनलाही न जुमानणारा जंतू सापडला. आपण औषध जितके वाटेल तसे वापरू, तितका जंतू शहाणा होतो. मग सांगा, मी माझ्या मुलीला उरलेल्या चारांतल्या दोन गोळ्या दिल्या, तेव्हा मी काय केले? जंतू मेला तर नाहीच, वर दोन दिवस गाफील राहायला मला निमित्त मिळाले. शेजारणीकडच्या गोळ्या, मागच्या वर्षीच्या गोळ्या, औषधाच्या दुकानातून सांगून आणलेल्या गोळ्या, हे सगळे आपण बंद केले पाहिजे.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून कुणाही आईचे मन हलेल. सांती काझोर्ला हा स्पेनचा फुटबॉलपटू. मूर्तीने लहान, चेहरा नेहमी हसरा. इंग्लंडातल्या आर्सेनल या संघाकडून तो खेळे. त्याच्या घोट्याचे दुखणे जुने होते. 2016 च्या ऑक्टोबरात तो आर्सेनलकडून शेवटचा सामना खेळला आणि त्यानंतर शस्त्रक्रियांची रांगच लागली. जखम भरून येईना. पुढे तपासात कळले, की आत जंतूंनी घर केले होते आणि टाचेच्या वरची जाड शीर जवळजवळ आठ सेंटिमीटर खाऊन टाकली होती. एका डॉक्टरांनी त्याला सांगितले, की मुलाचा हात धरून बागेत चालता आले, तरी समाधान मान. पाय कापावा लागतो की काय, इथवर पाळी आली होती.

शेवटी 2017 साली स्पेनमधल्या शल्यविशारदांनी ती शीर पुन्हा बांधली. घोट्यावर लावायला कातडी हवी होती, ती त्याच्या हातावरची घेतली. त्या हातावर त्याने आपल्या मुलीचे नाव गोंदवून घेतले होते. त्या नावाचा अर्धा भाग आता त्याच्या घोट्यावर आहे. आणि त्या मुलीचे नाव काय असावे? इंडिया! आपल्या देशाचे नाव. 2018 साली तो पुन्हा मैदानावर उतरला, 2019 साली स्पेनच्या संघात परत आला आणि 2025 साली, चाळिशी ओलांडल्यावर, आपल्या गावच्या ओव्हिएदो संघाला वरच्या श्रेणीत घेऊन गेला. जिद्द म्हणावी ती ही. पण या जिद्दीचे कौतुक करताना मधली वर्षे विसरून चालणार नाही. ऐन उमेदीची जवळजवळ दोन वर्षे त्याने मैदानाबाहेर काढली. शस्त्रक्रियेनंतरची जखम पंधरा-पंधरा दिवस ओली राहत असेल, टाके उसवत असतील, पाणी येत असेल, तर "भरतेय हळूहळू" म्हणून बसू नये. पुन्हा दाखवावे, पुन्हा तपासून घ्यावे.

आतापर्यंत जखमेचे बोलले. दुसरी तऱ्हा तापाची. रॉबिन सोडरलिंग हा स्वीडनचा टेनिसपटू. 2009 साली पॅरिसच्या मातीच्या मैदानावर त्याने राफाएल नादालला हरवले. तोवर नादाल त्या स्पर्धेत एकदाही हरला नव्हता. सोडरलिंग त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तिथे अंतिम सामन्यापर्यंत पोचला. 2011 च्या जुलैत त्याने आपल्या देशातली एक स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर तो व्यावसायिक सामना कधीच खेळला नाही. त्याला ग्रंथिज्वर झाला होता. हा लाळेतून पसरतो, घसा सुजतो, गळ्यातल्या गाठी येतात. बहुतेक तरुण मुले काही आठवड्यांत बरी होतात. त्याच्या बाबतीत मात्र थकवा हटेना. चार वर्षे वाट पाहून 2015 साली त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

या ग्रंथिज्वरात पोटातली प्लीहा सुजते. अशा वेळी पोटावर जोराचा धक्का बसला, तर ती फुटण्याची भीती असते आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून दुखणे सुरू झाल्यापासून निदान तीन आठवडे धक्काबुक्कीचा खेळ खेळू नये, असे डॉक्टर सांगतात. आणखी एक गोष्ट. साध्या वाटणाऱ्या तापातले विषाणूसुद्धा कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. त्या अवस्थेत धावपळ केली, तर हृदयाचे ठोके बिघडून खेळाडू मैदानावरच कोसळू शकतो. हे क्वचित घडते, पण घडते. म्हणून एक सोपी खूण लक्षात ठेवा. नुसती सर्दी असेल, नाक वाहत असेल, तर हलका सराव चालेल. पण अंगात ताप असेल, अंग मोडून आले असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर सराव नाही आणि सामनाही नाही. तापाची गोळी देऊन मुलीला मैदानावर पाठवणे म्हणजे घराला आग लागलेली असताना धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेणे होय.

तिसरी तऱ्हा तर थेट आपल्या स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली आहे. 2023 साली क्रिकेटचा विश्वचषक आपल्या देशात झाला, तो आपण सर्वांनी घरात बसून पाहिला. भारताचा पहिला सामना 8 ऑक्टोबरला चेन्नईला ऑस्ट्रेलियाशी होता. त्या वर्षी धावांचा पाऊस पाडणारा शुभमन गिल मात्र त्यात नव्हता. त्याला डेंग्यू झाला होता. रक्तातल्या बिंबिका कमी झाल्या म्हणून रुग्णालयातही ठेवावे लागले. 11 तारखेचा दिल्लीचा सामनाही त्याला मुकावा लागला. 14 तारखेला अहमदाबादला तो संघात परत आला.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि त्याची पैदास आपण साठवलेल्या पाण्यात होते. पिंप, हौद, फुलदाणी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचे भांडे, गच्चीवर टाकलेले जुने टायर, ही त्याची माहेरघरे. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी ठेवावी. हे काम कुठल्याही प्रशिक्षकाच्या हातचे नाही, ते आपल्याच हातचे आहे. आणि डेंग्यूची शंका असेल, तर अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्रावाची भीती वाढते. ताप उतरला म्हणजे संपले, असेही समजू नका. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, ही लक्षणे पुष्कळदा ताप उतरतानाच दिसतात. तेव्हा घरी थांबू नये.

पोटाच्या दुखण्याचे एक जुने उदाहरण देते. 1970 साली मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक होता. इंग्लंड 1966 चे जगज्जेते. त्यांचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स याने 7 जूनला पेलेने डोक्याने मारलेला चेंडू अडवला, तो प्रसंग आजही लोक आठवतात. एका आठवड्याने, 14 जूनला, पश्चिम जर्मनीशी उपांत्यपूर्व सामना होता. बँक्सचे पोट बिघडले आणि तो उभाही राहू शकेना. ऐनवेळी दुसऱ्या गोलरक्षकाला उतरवावे लागले. इंग्लंड दोन गोलांनी पुढे होते, ते शेवटी 3-2 असे हरले. बँक्स असता तर जिंकले असते, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जगज्जेत्या संघाचा आधारस्तंभ बिछान्यावर पडून होता, एवढे खरे. आपल्या मुली परगावी खेळायला जातात, तेव्हा उघड्यावरचा बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे, कुठल्याही नळाचे पाणी, हे सामना होईपर्यंत तरी वर्ज्य करायला शिकवा. घरून उकळलेल्या पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा बरोबर द्या.

भगिनींनो, ही सारी माहिती झाली. पण नुसती माहिती मला 1999 सालीही होती. ती असून मी चुकले, तेव्हा चूक माहितीच्या अभावाची नव्हती. मुलीला भीती होती, की बोलले तर जागा जाईल. मला भीती होती, की मुलीचा हिरमोड होईल. दोघींच्या भीतीने जंतूला पाच दिवस मोकळे रान दिले. खेळाडू दुखणे लपवतो, तो भित्रा असतो म्हणून नव्हे. उलट, तो शूर असतो आणि शूराने कुरकुर करू नये, असे आपणच त्याला शिकवलेले असते. "एवढ्याशाने रडतेस काय?" हे वाक्य आपल्या तोंडात किती सहज येते! दुखणे अंगावर काढणे हा आपण बायकांनी पिढ्यान् पिढ्या मोठा गुण मानला. सासरी ताप आला, तरी चूल सोडली नाही, याचे आपल्याला कौतुक. तोच वारसा आपण नकळत मुलींच्या हाती देतो. दागिने द्यावेत, भांडी द्यावीत, पण हा वारसा देऊ नये.

आता काय करावे, ते थोडक्यात सांगते. खरचटले, की लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि रोज पाहावी. हळद, माती, चुना यांपैकी काही लावू नये. टॉवेल, वस्तरा, गुडघ्याचे पट्टे, मोजे ज्याचे त्यालाच असावेत. टॉवेलाच्या कोपऱ्यावर दोऱ्याने नाव घालून द्या, चार टाक्यांचे काम आहे. सरावानंतर घरी येताच अंघोळ करावी, घामाचे कपडे पिशवीत तसेच ठेवू नयेत. नखे कापलेली असावीत. कबड्डीत तर तो नियमच आहे, आणि कुस्तीच्या मोठ्या स्पर्धांतही आधी डॉक्टर खेळाडूची कातडी तपासतात, संसर्गाचा रोग दिसला तर उतरू देत नाहीत. लाली पसरू लागली, जागा गरम झाली, ठणका वाढला, पू दिसला, ताप आला किंवा अवधाण आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गळू घरी दाबू नये, फोडू नये. डॉक्टरांनी जितके दिवस औषध सांगितले, तितके दिवस द्यावे. आणि "सामना कधी आहे?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नसतो. विचारायचे ते एवढेच, की "खेळायला योग्य कधी होईल?"

शेवटी माझ्या मुलीचे काय झाले, हे तुम्हांला जाणून घ्यावेसे वाटत असेल. पुढच्या वर्षी ती जिल्ह्याच्या संघात आली आणि पुढे चार वर्षे खेळली. गुडघ्याखाली दोन बोटे लांबीचा व्रण अजून आहे. त्या पहिल्या संघातून खेळायचे राहिले ते राहिलेच. आज ती एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मागच्या वर्षी मी तिच्या मैदानावर गेले होते. सराव सुरू होण्यापूर्वी तिने सगळ्या मुलींना रांगेत उभे केले आणि म्हणाली, "हात, कोपर, गुडघे. दाखवा." एका मुलीने कोपर मागे लपवले. माझी मुलगी तिच्यापाशी गेली, ओणवी झाली आणि हळूच म्हणाली, "बाळ, आज दाखवलंस तर दोन दिवस बसशील. लपवलंस तर माझ्यासारखी घरी बसून निकाल ऐकशील." मुलीने कोपर पुढे केले. कोपराला लाली होती.

मी कडेच्या बाकावर बसले होते. तिच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, पण तिने स्वतःच ते शोधून काढले, असे मला वाटले. आपल्या मंडळातल्या प्रत्येक घरात रात्री जेवणे झाल्यावर एकदा तरी "दाखवा" हा शब्द उच्चारला जावा, एवढीच माझी विनंती आहे.